मूल हरवल्यावर पालक कसे वागले, यावरून काय ठरवायचं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मूल हरवल्याची बातमी आली की एक-दोन दिवसांतच बोलण्याचा रोख मुलावरून आई-बापाकडे वळतो. ती रडली का नाही, तो इतका शांत कसा, अर्धा तास ते करत काय होते? मला येणारी बरीचशी पत्रं याच प्रश्नांची असतात. काही हरवलेल्या मुलांच्या नातेवाइकांची, काही शेजाऱ्यांची आणि उरलेली नुसती बातमी पाहून झोप उडालेल्यांची. पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. 'पालक' या शब्दात मूल ज्यांच्या ताब्यात होतं ते सगळे धरले आहेत. जिथे फरक पडतो तिथे तसं सांगितलं आहे.

१. मूल हरवलं की खरे आई-बाप कसे वागतात? काही ठरावीक पद्धत असते का?

नसते. कुणी टाहो फोडतं, कुणी हाका मारत धावत सुटतं, कुणी जागच्या जागी थिजतं. जबर धक्क्यात शरीर काय करेल हे माणूस ठरवत नाही. छाती धडधडते, तोंड कोरडं पडतं, वेळेचं भान सुटतं, आणि डोकं एखाद्या क्षुल्लक कामाला चिकटून बसतं.

माझा मुलगा साडेतीन वर्षांचा असताना एका मोठ्या बागेत नजरेआड झाला. सतरा मिनिटांनी सापडला. पाण्याच्या टाकीमागे मुंग्या बघत बसला होता. तेवढ्या वेळात मी काय केलं, ते माझ्या बहिणीने मला नंतर सांगितलं. मी त्याचा स्वेटर बाकावर पसरला, बाह्या आत घेतल्या, घडी घातली, उलगडला, परत घडी घातली. असं तीन वेळा. मग चौकीदाराकडे गेले आणि वेळ विचारावी तशा सुरात म्हणाले, "माझा मुलगा सापडत नाहीये." त्याला दोनदा विचारावं लागलं, कारण त्याला वाटलं मी दुसऱ्याच कशाबद्दल बोलतेय. मला स्वतःला आठवतो तो फक्त बाहीचा सुटलेला धागा.

तेव्हा कुणी माझा व्हिडिओ काढला असता, तर आज तो पाहून तुम्ही माझ्याबद्दल काय म्हणाला असतात, हा विचार मी अजूनही करते.

२. म्हणजे पालकांच्या वागण्याकडे बघायचंच नाही का?

बघायचं, पण आपण नक्की काय तपासतोय हे आधी ठरवून. लोक तीन वेगळे प्रश्न एकात कालवतात. पहिला, मूल हरवण्याआधी पालकांचा हलगर्जीपणा झाला का? दुसरा, ते खोटं बोलताहेत का? तिसरा, मूल सापडावं म्हणून आत्ता जे करायला हवं ते करताहेत का?

एकाचं उत्तर दुसऱ्याला लागू होत नाही. हलगर्जी बाप खरं बोलत असू शकतो. अतिशय जपणारी आई गोंधळून चुकीची वेळ सांगू शकते. 'लक्ष नव्हतं' यावरून 'काहीतरी लपवतोय' अशी उडी घेतली जाते, तिथेच बहुतेक अन्याय होतात. पहिल्या प्रश्नाबद्दल ९ मध्ये आणि दुसऱ्याबद्दल १७ मध्ये सविस्तर लिहिलं आहे. मूल सापडलेलं नसतं तेव्हा महत्त्व फक्त तिसऱ्याला असतं, आणि नेमका तोच सगळ्यांत कमी विचारला जातो.

३. आई कॅमेऱ्यासमोर एकदाही रडली नाही. हे कसं खटकणार नाही?

खटकेल. पण त्या खटकण्याला पुरावा म्हणू नका. १७ ऑगस्ट १९८० च्या रात्री ऑस्ट्रेलियात उलुरूजवळच्या तळावर, तंबूतून अझारिया चेंबरलेन ही नऊ आठवड्यांची मुलगी नाहीशी झाली. डिंगोने, म्हणजे तिथल्या रानकुत्र्याने बाळ नेलं, असं तिची आई लिंडी पहिल्या क्षणापासून सांगत होती. पहिल्या चौकशीत अधिकाऱ्यांनी ते मान्यही केलं. लोकांनी केलं नाही. मुलाखतींत ती संथपणे, मोजक्या शब्दांत बोलायची, नीटनेटकी दिसायची. बाळ गेलेली आई अशी असते का, हा प्रश्न देशभर विचारला गेला. पुढे प्रकरण पुन्हा उघडलं आणि ऑक्टोबर १९८२ मध्ये तिला जन्मठेप झाली. तुरुंगात असतानाच तिला दुसरी मुलगी झाली, ती लगेच तिच्यापासून दूर नेली गेली.

गाडीत बाळाचं रक्त सापडल्याचा दावा खटल्यात झाला होता. ते डाग म्हणजे गाडीचा आवाज कमी करण्यासाठी कारखान्यात फवारलेला थर निघाला. १९८६ मध्ये डिंगोंच्या गुहांजवळ बाळाचं जाकीट सापडलं आणि लिंडी सुटली. १९८८ मध्ये शिक्षा रद्द झाली. मृत्यूच्या दाखल्यावर कारण म्हणून डिंगो हा शब्द यायला मात्र २०१२ उजाडलं. बत्तीस वर्षं.

न रडण्याची साधी कारणं बरीच असतात. आधीच रडून रडून माणूस कोरडा पडलेला असतो. डॉक्टरांनी झोपेचं औषध दिलेलं असतं. कधी तपास करणारेच सांगतात की शांत राहा, मुलाचं नाव घ्या, वर्णन स्पष्ट सांगा. कधी घरात दुसरं लहान मूल आईच्या तोंडाकडे बघत उभं असतं.

४. मग रडणारी आई खरी समजायची का?

तेही नाही. सुझन स्मिथ ही अमेरिकेतल्या साउथ कॅरोलायना राज्यातली आई ऑक्टोबर १९९४ मध्ये नऊ दिवस टीव्हीवर याचना करत होती. एका माणसाने सिग्नलवर गाडी अडवली आणि गाडीसकट आपली दोन्ही मुलं पळवली, असं तिचं म्हणणं होतं. मुलगे तीन वर्षांचा आणि चौदा महिन्यांचा. प्रत्यक्षात तिनेच मुलं आत असताना गाडी तळ्यात सोडली होती.

तिच्या अश्रूंपेक्षा तपासाला बोलका ठरला तो एक सिग्नल. लाल दिवा लागला म्हणून थांबले आणि रस्त्यावर दुसरं एकही वाहन नव्हतं, असं ती सांगत होती. पण आडव्या रस्त्याने वाहन आल्याशिवाय त्या चौकातला दिवा लाल होतच नसे. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असणं शक्य नव्हतं.

इंग्लंडमध्ये २००८ साली कॅरन मॅथ्यूजने आपल्या नऊ वर्षांच्या मुलीसाठी असंच जाहीर आवाहन केलं. शेकडो लोक शोधात उतरले. चोवीस दिवसांनी मुलगी एका ओळखीच्याच माणसाच्या घरात, पलंगाच्या खोक्यात लपवलेली सापडली. बक्षिसाच्या रकमेसाठी रचलेला तो बनाव होता.

एक आई रडली नाही म्हणून तुरुंगात गेली. दोघी रडल्या म्हणून लोक त्यांच्या मागे उभे राहिले.

५. अनुभवी पोलिसांना तरी चेहरा वाचता येतो ना?

हरवलेल्या नातेवाइकांसाठी जाहीर आवाहन करणाऱ्यांच्या खऱ्या चित्रफिती पोलिसांना दाखवून २००१ मध्ये एक अभ्यास झाला होता. त्यांतले काही जण स्वतःच खुनी असल्याचं नंतर सिद्ध झालं होतं. पोलिसांचे अंदाज नाणं उडवून घ्यावेत तितपतच बरोबर आले. एकूणच खोटं ओळखण्यावरच्या अनेक प्रयोगांचा २००६ मध्ये एकत्रित हिशोब मांडला गेला, तेव्हा माणसांच्या अचूकतेची सरासरी निघाली ५४ टक्के.

२०१२ च्या एका कॅनेडियन अभ्यासात अशाच ७८ आवाहनांचे चेहरे बारकाईने, चौकटीगणिक तपासले, आणि खऱ्या-खोट्या दुःखात कपाळाच्या स्नायूंच्या हालचालींत फरक आढळला. पण ते प्रशिक्षित संशोधकांचं संथ मोजमाप होतं, आणि सरासरीचं. दिवाणखान्यात बसून दोन मिनिटांची बातमी पाहणाऱ्याच्या हातात ते येत नाही.

६. "आई मुलाबद्दल भूतकाळात बोलली." हा पुरावा नाही का?

हा प्रश्न फार वेळा येतो. मराठीत तर तो जास्तच फसवा आहे. "त्याला गाड्या फार आवडायच्या", "रोज संध्याकाळी खिडकीत उभा राहायचा" असं आपण जिवंत, शेजारच्या खोलीत झोपलेल्या मुलाबद्दलही सहज बोलतो. कालपर्यंतचा नेम सांगताना भूतकाळच येतो. नुसत्या एका क्रियापदावरून कुणाला खुनी ठरवू नये.

७. त्यांनी पोलिसांना लगेच का नाही कळवलं?

आधी किती वेळ गेला ते पाहा, मग त्या वेळात काय झालं ते पाहा. घरातून मूल दिसेनासं झालं तर पहिली काही मिनिटं घरातच शोधणं बरोबरच आहे. पलंगाखाली, कपाटात, गाडीच्या डिकीत, कपडे धुण्याच्या मशीनमध्ये. लहान मुलं लपून तिथेच झोपी जातात. जवळ विहीर, टाकी, नाला, तलाव असेल तर सगळ्यांत आधी धावायचं तिकडे, कारण बुडणारं लहान मूल बहुतेकदा आवाज करत नाही.

त्यापुढे मात्र उशीर महाग पडतो. अपहरण करून मारल्या गेलेल्या मुलांच्या प्रकरणांचा अमेरिकेत १९९७ साली अभ्यास झाला. अशी प्रकरणं अतिशय विरळ असतात, तरी आकडे लक्षात ठेवावेत असे आहेत. सुमारे तीन चतुर्थांश मुलं पहिल्या तीन तासांतच मारली गेली होती. आणि ६० टक्के प्रकरणांत मूल नाही हे कळल्यापासून पोलिसांना कळवेपर्यंत दोन तासांहून जास्त वेळ गेला होता.

पालक उशीर करतात त्यामागे बहुतेकदा लाज आणि आशा असते. "असेल इथेच, उगाच बोभाटा नको." शिवाय चोवीस तास थांबावं लागतं हा घट्ट बसलेला गैरसमज. तसा नियम नाही. पोलिसांनी वाट पाहायला लावू नये असं अमेरिकेत १९९० च्या कायद्याने सांगितलं. हरवलेल्या मुलाची तक्रार आली की गुन्हा नोंदवावा आणि सुरुवातीला अपहरण किंवा तस्करी गृहीत धरूनच तपास करावा, असं भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये बजावलं.

आणि भीतीने गप्प बसलेल्यांना काय म्हणायचं? २००२ मध्ये अमेरिकेत एलिझाबेथ स्मार्ट या मुलीला घरातून चाकूच्या धाकाने नेलं, तेव्हा त्याच खोलीत तिची नऊ वर्षांची बहीण झोपेचं सोंग घेऊन पडली होती. आई-बाबांना उठवायला तिला सुमारे दोन तास लागले. तो माणूस अजून घरातच असेल, असं तिला वाटत होतं.

८. जबाब दर वेळी बदलतोय. म्हणजे खोटंच ना?

काय बदलतंय त्यावर आहे. "सव्वापाच" चं "पाच चाळीस" झालं, निळा शर्ट हिरवा झाला, आधी फोन केला की आधी शेजारी गेलो याचा क्रम उलटा झाला, तर हे धक्क्यातल्या आठवणीचं नेहमीचं लक्षण आहे. १९८६ मध्ये चॅलेंजर हे अंतराळयान कोसळलं, त्याच्या दुसऱ्याच दिवशी अमेरिकेत काही विद्यार्थ्यांकडून ती बातमी कुठे, कशी कळली ते लिहून घेतलं होतं. दोन-तीन वर्षांनी पुन्हा विचारलं तेव्हा अनेकांची हकिगत साफ वेगळी निघाली, आणि तरीही नवी आठवणच खरी असल्याची त्यांना खात्री होती.

उशिरा आठवलेलंही खोटंच असतं असं नाही. एलिझाबेथच्या त्या धाकट्या बहिणीला काही महिन्यांनी एकाएकी आठवलं की नेणाऱ्या माणसाचा आवाज ओळखीचा होता. घराच्या छपराचं काम करून गेलेल्या माणसाचा तो आवाज होता. पोलिसांचा रोख तोवर भलत्याच माणसावर होता. मुलगी नऊ महिन्यांनी जिवंत सापडली ती त्या आठवणीच्या धाग्यावरून.

गोष्टीचा गाभाच बदलत असेल, म्हणजे मूल शेवटचं कुठे होतं, कुणासोबत होतं, तर ती बाब वेगळी. पाहा प्रश्न १७.

९. मुलावर लक्षच नव्हतं, मग चूक त्यांचीच नाही का?

कधी कधी असते. चार वर्षांच्या मुलाला पाण्याकाठी एकटं सोडून तास-तासभर निघून जाणं ही चूकच आहे, आणि तसं म्हणायला मी कचरत नाही. पण आपण चूक मोजतो ती निकाल कळल्यावर. तीच कृती, तोच निष्काळजीपणा शंभर घरांत रोज होतो आणि नव्याण्णव घरांत मूल खेळून परत येतं.

२०१६ मध्ये अमेरिकेतल्या तीन संशोधकांनी एक प्रयोग केला. लोकांना गोष्टी वाचायला दिल्या. मूल तेच, जागा तीच, एकटं राहिलेला वेळही तोच. बदललं फक्त पालक दूर का गेला याचं कारण. कुठे अपघातामुळे अडकला, कुठे कामाला गेला, कुठे विश्रांतीसाठी, कुठे प्रियकराला भेटायला. मुलाला धोका किती, असं विचारल्यावर लोकांनी प्रियकराच्या गोष्टीत धोका सर्वांत जास्त सांगितला आणि अपघाताच्या गोष्टीत सर्वांत कमी. मुलाला येणारा धोका आईच्या कारणाने कसा वाढेल? आपण आधी आईला वाईट ठरवतो आणि मग धोका त्या मापात बसवतो.

२५ मे १९७९ ला न्यूयॉर्कमध्ये सहा वर्षांचा इटान पॅट्झ पहिल्यांदाच एकटा शाळेच्या बसथांब्यापर्यंत निघाला. अंतर दोन गल्ल्यांचं. तो बरेच दिवस हट्ट करत होता आणि आई-वडील त्या दिवशी हो म्हणाले. तो शाळेत पोहोचलाच नाही, हे आईला कळलं दुपारी, घरी येण्याची वेळ टळून गेल्यावर. आज २५ मे हा हरवलेल्या मुलांचा दिवस म्हणून जगभर पाळला जातो. ज्या आई-बापांनी आपल्या मुलाला पहिल्यांदा एकटं जाऊ दिलं, त्या सगळ्यांनी तोच निर्णय घेतलेला असतो.

"मी असतो तर क्षणभरही नजर हलवली नसती," असं लिहिणाऱ्यांना मी दर वेळी विचारते: गेल्या आठवड्यात अंघोळीला किती वेळ गेलात आणि तेव्हा मूल कुठे होतं? हे टोचून बोलण्यासाठी विचारत नाही. बहुतेक जण प्रामाणिकपणे उत्तर देतात, आणि त्यानंतरच्या पत्रांचा सूर बदललेला असतो. त्या पालकांना दोषी ठरवलं की आपलं घर सुरक्षित वाटतं, म्हणून आपण इतक्या घाईने बोट दाखवतो. ही गरज मला समजते. पण तिची किंमत दुसऱ्या कुणाला तरी मोजावी लागते.

१०. पोलीस आधी घरच्यांनाच का छळतात?

घरच्यांची चौकशी हा छळ नसतो, ते गरजेचं असतं. मुलांना नेणारे बऱ्याचदा कुटुंबातलेच असतात. शिवाय मूल शेवटचं कुणी पाहिलं, सवयी काय, भांडण झालं होतं का, हे घरच्यांनाच माहीत. घराची झडती, फोनची तपासणी, दोघांना वेगवेगळं बसवून प्रश्न, हे सगळं लवकर उरकलं की तपास बाहेरच्या दिशेने मोकळा होतो. पोलिसांनी विचारलं म्हणजे संशय आहे, असा अर्थ शेजाऱ्यांनी काढू नये. पालकांनीही तो अपमान मानू नये, कितीही कठीण असलं तरी.

चौकशी घरच्यांवरच अडकून पडली, तर मात्र मूल गमावलं जातं. पाहा प्रश्न १२.

११. त्यांनी वकील घेतला आणि पॉलिग्राफला नकार दिला. का, लपवायचं काही नसेल तर?

निर्दोष माणसाला वकील लागत नाही, असं मानणाऱ्याने प्रश्न ३ मधली हकिगत पुन्हा वाचावी. वकील घेणं हा हक्क आहे. पालक वकिलासोबत बसून प्रत्येक प्रश्नाचं उत्तर देत असतील, तर सहकार्यात काहीच उणं नाही.

पॉलिग्राफ, म्हणजे खोटं पकडण्यासाठी वापरलं जाणारं यंत्र, श्वास, नाडी, रक्तदाब आणि त्वचेवरचा घाम मोजतं. या चारही गोष्टी भीतीने आणि अपराधी वाटण्याने बदलतात, आणि ज्याचं मूल हरवलं आहे त्याला दोन्ही भरपूर असतात. अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने २००३ च्या अहवालात या चाचणीच्या अचूकतेबद्दल गंभीर शंका मांडल्या. काही पालक ती मुद्दाम लवकर देतात, आपल्यावरचा संशय फिटून शोध पुढे सरकावा म्हणून. तो त्यांचा समंजसपणा. न देणाऱ्याचा नकार म्हणजे कबुली नव्हे.

१२. सावत्र बाप आहे म्हटल्यावर संशय येणारच ना?

येतो, आणि तपासायलाही हवं. पण या बाबतीत मला एक माणूस विसरता येत नाही. जून १९९१, कॅलिफोर्निया. अकरा वर्षांची जेसी ड्युगार्ड शाळेच्या बसकडे चालली होती. एक गाडी थांबली आणि तिला आत ओढलं. सावत्र वडिलांनी घराजवळून हे डोळ्यांनी पाहिलं. हाताशी होती ती सायकल काढून ते चढावर त्या गाडीमागे धावले. पोहोचू शकले नाहीत.

त्यानंतरची अठरा वर्षं त्यांच्यावर संशय राहिला. पॉलिग्राफ झाल्या. संसार तुटला. २००९ मध्ये जेसी जिवंत सापडली. तिला नेणारा लैंगिक गुन्ह्यात शिक्षा झालेला, पॅरोलवरचा माणूस होता आणि पॅरोलचे अधिकारी त्याच्या घरी येऊन जात होते. ती मागच्या अंगणातल्या तंबू-झोपड्यांत होती.

१३. आमच्या नात्यातलं ऑटिस्टिक मूल तिसऱ्यांदा घरातून निघून गेलं. इतक्या वेळा होतं म्हणजे आईचं दुर्लक्षच ना?

बहुधा नाही. २०१२ मध्ये अमेरिकेत १,२१८ ऑटिस्टिक मुलांच्या कुटुंबांचा अभ्यास झाला. जवळपास निम्मी मुलं वयाच्या चौथ्या वर्षानंतर किमान एकदा तरी निघून गेली होती किंवा तसा प्रयत्न केला होता. ही मुलं कड्या उघडायला शिकतात, रात्री उठतात, अनेकांना पाण्याची ओढ असते, आणि हाक मारली तर ओ देतीलच असं नाही. अशा घरात दाराला तीन कड्या, खिडकीला घंटी आणि तरीही जागरण असतं. तुम्हाला काही करायचंच असेल तर जवळच्या पाणवठ्यांची यादी करा आणि मूल गेल्याचं कळताच त्यांतल्या एकाकडे आपणहून धावा. त्या आईला हेच हवं असतं.

१४. मूल आजीकडे किंवा पाळणाघरात असताना हरवलं, तर त्यांचं वागणं कसं जोखायचं?

निकष तेच, एक भर घालून: पालकांना त्यांनी किती मिनिटांत कळवलं? दुसऱ्याचं मूल हरवलं की भीती दुप्पट होते, आणि "आधी शोधू, मग सांगू" यात मोलाचा वेळ जातो. हे समजण्यासारखं आहे, पण चुकीचं आहे. संस्थेच्या बाबतीत मी जास्त कडक आहे. हजेरी कधी घेतली, दार कुणाच्या जबाबदारीवर होतं, हे तिथे लेखी असायला हवं. वेळेची नोंद नंतर बदललेली आढळली तर ती गंभीर गोष्ट आहे. आजीच्या बाबतीत मात्र एवढं लक्षात ठेवा की तिला पुढे त्याच घरात राहायचं आहे.

१५. पंधरा वर्षांची मुलगी निघून गेली आणि आई-बाप म्हणतात, येईल आपणहून. हे बरोबर आहे का?

नाही. आधी दोनदा गेली आणि आली म्हणून तिसऱ्यांदा येईलच असं नसतं. बदनामीच्या भीतीने तक्रार टाळली जाते आणि त्याचा फायदा मुलीला फूस लावणाऱ्याला होतो. इथे मी पालकांना स्पष्ट सांगते: आजच जा, फोटो आणि फोन क्रमांक द्या. आणि ती का गेली असेल याचं खरं कारण पोलिसांना सांगा, ते तुमच्या विरोधात जाणारं असलं तरी. घरातल्या मारहाणीमुळे मूल पळालं असेल, तर ते लपवणं म्हणजे शोधाची दिशा चुकवणं.

१६. सहा महिन्यांनी तेच पालक एका समारंभात हसताना दिसले. इतक्यात कसं विसरले?

विसरलेले नसतात. हरवलेल्याचं दुःख मृत्यूच्या दुःखापेक्षा निराळं असतं. पॉलिन बॉस या अभ्यासिकेने १९७० च्या दशकात त्याला 'संदिग्ध हानी' म्हटलं. माणूस समोर नाही, पण गेला असंही म्हणता येत नाही. दहावं-तेरावं नाही, शेवटचा निरोप नाही. दर वेळी फोन वाजला की आशा. अशा अवस्थेत माणूस सतत रडत राहिला तर जगूच शकत नाही. घरातल्या दुसऱ्या मुलाचा वाढदिवसही येतोच.

१७. मग खरोखर संशय घ्यावा अशा गोष्टी कोणत्या?

चेहऱ्याबाहेरच्या आणि तपासून पाहता येणाऱ्या. माझ्या मते सगळ्यांत वजनदार प्रश्न हा: घरच्यांखेरीज कुणी त्या मुलाला शेवटचं कधी पाहिलं? तक्रार आज दिली, पण शाळा, शेजारी, डॉक्टर यांच्यापैकी कुणीच तीन आठवडे मूल पाहिलेलं नाही, तर हा फरक चिंतेचा आहे. दुसरं, सांगितलेली हकिगत बाहेरच्या गोष्टीशी जुळते का, म्हणजे कॅमेरा, पावती, फोनची नोंद, किंवा प्रश्न ४ मधला सिग्नल. तिसरं, शोधात अडथळा. अलीकडचा फोटो न देणं, घर बघू न देणं, मुलाच्या दुसऱ्या पालकाला कळवूच न देणं, शोधणाऱ्यांना पुन्हा पुन्हा एखाद्या ठिकाणापासून दूर वळवणं.

यांतली कुठलीही एक गोष्ट एकटी पुरेशी नाही. फोटो न देणाऱ्या आईकडे फोटोच नसेल. दुसऱ्या पालकाला न कळवण्यामागे आधीची मारहाण असेल. म्हणून हे तपासण्याचं काम ज्यांच्याकडे कागद आणि अधिकार आहेत त्यांचं.

१८. मला खरंच काहीतरी दिसलंय. कुणाला सांगू?

तपास अधिकाऱ्याला, आणि फक्त त्यालाच. काय पाहिलं ते लिहा: तारीख, वेळ, जागा, शब्द. "ती विचित्र वागत होती" असं लिहू नका. "रात्री अकराला तिने गाडीच्या डिकीत मोठी पिशवी ठेवली" असं लिहा. मग निष्कर्ष काढायचं काम त्यांच्यावर सोडा. गटागटांत पाठवू नका. माहिती खरी असेल तर गुन्हेगार सावध होतो, खोटी असेल तर मूल हरवलेल्या घरावर दगड पडतात. ऑस्ट्रेलियात २०२१ मध्ये तंबूतून चार वर्षांची मुलगी नाहीशी झाली, तेव्हा लोकांनी आई-बापांवर उघड आरोप केले. अठरा दिवसांनी पोलिसांनी तिला एका अनोळखी माणसाच्या कुलूपबंद घरातून जिवंत बाहेर काढलं.

१९. मूल सापडल्यावर बापाने सगळ्यांसमोर कानाखाली मारली. असा बाप मुलाला जपेल का?

भीती ओसरताना रागाच्या रूपाने बाहेर पडते, हे अगदी नेहमीचं. तरी मारणं चूकच. मार बसलेलं मूल एवढंच शिकतं की सापडणं धोक्याचं असतं, आणि पुढच्या वेळी हरवलं तर हाक ऐकूनही लपून राहतं. एका थपडेवरून बापाचं माप काढू नका, पण मुलाला उचलून घ्या आणि बापाला पाणी द्या. घरात हे रोजचंच आहे असं जाणवलं, तर मात्र तो वेगळा विषय आहे आणि तिथे गप्प राहू नका.

२०. माझंच मूल वीस मिनिटं हरवलं होतं. सापडलं. सासरचे अजून ऐकवतात, आणि मलाही वाटतं मी वाईट आई आहे. काय करू?

हे पत्र सगळ्यांत जास्त वेळा येतं. बहुतेकदा ते रात्री उशिरा लिहिलेलं असतं.

त्या वीस मिनिटांत काय झालं ते एकदा कागदावर लिहून काढा, जसं एखाद्या परक्या बाईबद्दल लिहाल तसं. दार उघडं कसं राहिलं, हाक कधी मारली, मदत कधी मागितली. त्यात एखादी गोष्ट सुधारण्यासारखी निघेल, बहुतेकदा कडीची जागा किंवा "मला वाटलं तुझ्याजवळ आहे" असा मोठ्यांमधला गोंधळ. तेवढी दुरुस्त करा. ऐकवणाऱ्यांना एकदाच, शांतपणे सांगा की दाराची कडी वर बसवली आहे आणि पुढे मूल कुणाच्या हवाली आहे हे आपण मोठ्याने बोलून ठरवू.

मुलाला मात्र त्याच्या बाजूची गोष्ट विचारा. माझ्या मुलाला मी खूप दिवसांनी विचारलं, टाकीमागे असताना तुला भीती वाटली का? तो म्हणाला, "नाही. मुंग्या पान नेत होत्या. तू हाक मारलीस तेव्हा मी आलो ना."